कॅमेरा कुणाच्या हातात

चि. निलोफर बेटीला अब्बांची दुवा.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. पुण्यात तुझ्या काकांकडे मी ठीक आहे. आईचा खोकला कसा आहे?

आपल्या फोटोच्या धंद्यासाठी दोन डिजिटल कॅमेरे पाहिले. वापरलेला जुना आहे तो जड. वजनामुळे माझा हात कमी कापतो. हे आईला सांगू नकोस. नवा साधा, हलका. माझ्या हातात त्याचे फोटो हलले. दुकानदार हसला, "चाचा, हा पोरीबाळींना बरा!"

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. उत्रोलीच्या निकाहात बायकांच्या खोलीत फोटो काढायला तूच जाणार. जड कॅमेरा तुला पेलवेल का? पण नवा घेतला, तर पुढं सगळेच फोटो तुला काढावे लागतील. काढशील ना?

दुकानदार शुक्रवारपर्यंतच थांबेल. भोरच्या एसटीच्या कंडक्टरकडे उत्तराची चिठ्ठी लवकर दे. मी रोज स्वारगेटला जाऊन विचारीन.

तुझे अब्बा