भस्मकेतू मेला, असे रावजीने म्हणावे

लिहून ठेवणार आबाजी विठोबा माळवदे, धंदा शिवणकाम, राहणार इंदापूर. छाती निकामी झाली आहे, डोके मात्र शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेले नाही. खाली लिहितो ते माझ्यामागे तसेच व्हावे.

१. राहते घर व शिवणयंत्र माझी पत्नी कौसल्या हिच्या एकटीचे. पुतण्या जोतीराम याचा यंत्रावर डोळा आहे. माझ्या पोराच्या तेराव्याला जेवता जेवता त्याने विचारले होते, "आता दुकान कोन बगनार, आबा?" त्याला माझी इस्त्री द्यावी. तिचा दांडा तुटका आहे.

२. पेटीत चित्रकथेचे मासिक अंक आहेत. माझा मुलगा भीमा बारामतीला छापखान्यात होता. दर महिन्याला तो सायकलवरून अंक घेऊन येई, आणि मी, तो व शेजारचा सायकलवाला रावजी असे तिघे दुकानात त्यावर भांडत बसू. भांडण त्यातल्या दुष्टाचे, राखेतून उठलेल्या भस्मकेतूचे. त्याने फुंकलेली राख ज्याच्या अंगावर पडेल त्याचे बळ भस्मकेतूत येई. हत्तीचे आले, सेनापतीचे आले, एकदा किल्ल्याच्या दरवाजाचेसुद्धा आले. मी म्हणे, दरवाजाला कसले डोंबलाचे बळ? भीमा म्हणे, "आबा, दार अडवतंय की. त्येच त्येचं बळ." रावजी मांडीवर थाप मारी. ते दोघे कायम एका बाजूला, भस्मकेतूला मरण नाही म्हणणारे. गिऱ्हाइकांची कापडे तशीच पडून राहत. तेवढे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

३. गेल्या आश्विनात भीमा विषमज्वराने गेला. नीरा-नरसिंहपूरच्या संगमात त्याची राख मी माझ्या हाताने सोडली. त्यानंतर एकच अंक आला आणि मासिक बंद पडले. त्या अंकात सेनापती भस्मकेतूला विहिरीत लोटतो. पाणी हलते, तिथे चित्र संपते. मी म्हणालो, मेला, ओली राख उडत नाही. रावजी म्हणाला, "उन्हाळ्यात हीर आटंल. राख वाळंल. त्यो येतोय बगा, आबा."

मी म्हणालो, "राख परत येत असती तर माझ्या घरात आली असती. म्हण, मेला."

तो खाली बघत म्हणाला, "न्हाय म्हननार. भीमा असता तर त्यो बी म्हनला नसता."

तेव्हापासून आमचे बोलणे नाही. भिंतीला भिंत लागून आहे, पण तो त्याच्या दुकानात आणि मी माझ्या. माणसाने हट्टी असावे, पण किती!

४. अंकांचे काय करावे मला सुचत नाही. घरात वाचणारे कोणी उरले नाही. कौसल्येने चुलीत घातले तरी माझी हरकत नाही. जोतीरामला देऊ नयेत, तो पुड्या बांधील.

५. दहाव्याला माझ्या पिंडाला कावळा शिवणार नाही. तेव्हा घरच्यांनी हात जोडून "कौसल्येला सांभाळू, घर विकणार नाही" असली कबुली देत बसू नये. माझा जीव तिथे अडकलेला नाही. रावजीला पिंडापुढे उभे करावे आणि त्याने मोठ्याने म्हणावे, भस्मकेतू मेला. अजून रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की माझे यंत्र थांबते, भीमा आला वाटते. रावजीने एकदा तसे म्हटले की मी वाट बघायचे सोडीन.

तो म्हणाला नाही तर दर्भाचा कावळा करून शिवल्याचे सोंग करू नये. पिंड तिथेच ठेवून सर्वांनी घरी जावे, उन्हात ताटकळू नये.

६. या मृत्युपत्राने रावजीला काहीही दिलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांनी सांगितले, आणि मला त्याची साक्ष हवी आहे. सहीच्या निमित्ताने का होईना, त्याला माझ्या दुकानात येऊन हे वाचावे लागेल.

मुक्काम इंदापूर, ता. ९ एप्रिल १९५६.

(सही) आबाजी विठोबा माळवदे

साक्षीदार:

(सही) दत्तोबा केरबा जगताप, राहणार इंदापूर. सही माझ्यासमक्ष झाली.

(सही) रावजी सखाराम शिंदे, सायकल दुकान, इंदापूर. सही माझ्यासमक्ष झाली. समदं वाचलं. दहाव्याला येईन, आबा. पन तसं म्हननार न्हाय.