बारमाही रस्ता

आषाढ वद्य पंचमी, गुरुवार
दि. २५ जुलै २०२४

(तिथी आधी लिहिली ती तुम्ही हसावं म्हणून. तारीख तुमच्या आवक-नोंदीसाठी.)

जावईबापू भूपेंद्रराव यांना धनीरामचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. पाऊस बरा आहे, करुणाचे गुडघे त्याहून बोलके आहेत. आमची धानाची रोवणी निम्म्यावर आली. शनिवारी करुणा रीताला भेटायला तुमच्याकडे यायची आहे, तिच्याच हाती हे पत्र देतो. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी रागावलो की तुमच्याकडची रेंज जाते. पत्राला ती सोय नाही. ते फार तर न वाचता उशीखाली जाईल, आणि तुमच्या घरातल्या उशा माझी बहीण रीता झटकते.

मंगळवारी चिचटोलीच्या शाळेत तुमच्या कार्यालयाचा लोकसंवाद पार पडला. विस्तार अधिकारी म्हणून यायचं होतं तुम्ही, पण तुम्हाला ऐन वेळी भंडाऱ्याला बैठक लागली म्हणे, आणि आले केंद्रप्रमुख. तेव्हा वृत्तांत माझ्याकडून घ्या. त्यांचा अहवाल एका पानाचा असेल आणि त्यात 'खेळीमेळीच्या वातावरणात' हे शब्द असतील.

सभेची सूचना कुठे लावली होती? आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. म्हणजे ज्यांची शाळा जायची ते तलावापलीकडे, आणि त्यांना तसं कळवणारा कागद तलावाअलीकडे. वेळ सकाळी अकराची. रोवणीच्या दिवसांत अकरा वाजता टोलीतली सगळी बायामाणसं गुडघाभर चिखलात वाकलेली असतात, हे तुमच्या कार्यालयाला ठाऊक नसेल असं मी म्हणत नाही. तुम्ही स्वतः धानाच्या घरचे. ठाऊक होतं म्हणूनच अकरा, असं मला वाटतं. तरी सतरा माणसं आली. हापशीवर पाय धुऊन, एका वर्गखोलीच्या त्या शाळेत भिंतीला टेकून बसली. अकरा पोरांची शाळा. पोरांना त्या दिवशी बाहेर आवारात बसवलं होतं, त्यामुळे आपल्या शाळेविषयीचा संवाद त्यांनी खिडकीतून ऐकला.

मग फॉर्म वाटले. दोन रकाने. पहिला, 'समायोजनास संमती आहे.' दुसरा, 'संमती देताना काही सूचना असल्यास.' मी विचारलं, असंमती कुठे लिहायची? केंद्रप्रमुख म्हणाले, "सर, ते सूचनांमध्ये लिहिता येतं." म्हणजे नवरीला नको म्हणायचं असेल तर तिने अंतरपाट दूर झाल्यावर, आहेराच्या यादीत म्हणावं.

आणि 'समायोजन' या शब्दाबद्दलही थोडं. सव्वीस वर्षं मी संस्कृत शिकवतो. इतका सभ्य शब्द मी क्वचित पाहिला आहे. सम्, आ, मग योजन. सगळं नीट जुळवून आणणं. टोलीची शाळा बंद करून पोरं आमच्या गावच्या मोठ्या शाळेत धाडायची, पण त्यात कुलूप कुठेच ऐकू येत नाही. आमच्या भाषेचा असा उपयोग करणाऱ्याला पगार किती, ते कळलं तर मीही अर्ज करीन.

मंदाबाईला तुम्ही ओळखता. शाळेत खिचडी शिजवते, मे महिन्यात तुम्हाला माठातलं पाणी तिनेच दिलं होतं. ती उभी राहिली.

"साहेब, माही नातीन तिसरीत आहे, गुंजन. ते कोन्या रस्त्यानं जाईन मोठ्या शाळेत?"

केंद्रप्रमुखांनी कागद पाहिला. "आजी, अंतर आठशे पन्नास मीटर आहे. किलोमीटरच्या आतच आहे. बारा मिनिटं लागतात."

"मिनिटं नाही विचारली मी. रस्ता कोनता, थे सांगा."

"पाऊलवाट आहे. बारमाही."

यावर मंदाबाईचा मुलगा केवळराम, गुंजनचा बाप, मागून म्हणाला, "बराबर आहे, साहेब. त्या रस्त्यात म्या परवा जाळं टाकलं होतं. सव्वा किलोचा रोहू निंघाला."

माणसं हसली. केंद्रप्रमुखही हसले, आणि हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे?"

म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पण कागदावर यावं म्हणून लिहितो. ते आठशे पन्नास मीटर तलावाच्या पोटातून जातात. वैशाखात पाणी आटलं की माणसं तिथून ये-जा करतात. मृग लागून पंधरा दिवस झाले की तिथून फक्त मासे ये-जा करतात. मग उरते तलावाची पाळ, दोन किलोमीटर, आणि तिच्या मध्येच सांडवा. जादा पाणी तिथून उतरतं, ते दिवाळीपर्यंत थांबत नाही. तेही नको असेल तर डांबरी रस्ता, चार किलोमीटर, आणि त्यावर धानाचे ट्रक.

मंदाबाई म्हणाली, "सांडव्यात माही म्हैस गेली दोन सालाआंधी. म्हैस पोहते, साहेब. गुंजन नाही पोहत."

केंद्रप्रमुख म्हणाले, वाहतूक भत्त्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

"राहू द्या मंग," ती म्हणाली. "पोट्टी घरी राहीन. बकऱ्या पाहीन."

तक्रारीचा सूर नव्हता तो. उद्या भाजी कोणती, असं विचारल्यावर माणूस जसं उत्तर देतो तसं. भूपेंद्रराव, मला संताप आला तो इथे. आठ वर्षांची पोर. तिसरीत असून चौथीचं पुस्तक वाचते, मागच्या सव्वीस जानेवारीला माझ्याकडून शिकलेला श्लोक विसर्गासकट म्हणून गेली. तिचं पुढचं सगळं आयुष्य अर्ध्या मिनिटात ठरलं. ठरवलं कुणी, तर बकऱ्यांनी नव्हे. एका कागदाने.

मग मी उठलो. दहा मिनिटं बोललो. चांगला बोललो असं नंतर कोणी म्हणालं नाही, त्याचं कारण पुढे येईल. म्हणालो, आमच्या शास्त्रात डोळ्यांनी पाहिलेलं हे पहिलं प्रमाण, तर्काने कळलेलं त्यानंतरचं, जाणत्या माणसाने सांगितलेलं त्याच्याही नंतरचं. तुमच्या कार्यालयाने शिक्का हे नवं प्रमाण काढलं आणि जुनी सगळी रद्द केली. म्हणालो, हा रस्ता बारमाही म्हणणारा माणूस एक तर आंधळा असेल नाही तर लबाड, आणि गावाला हे कळायला हवं की तो कोण. पंचनामा झाला असेल ना? मग त्यावरची नावं वाचा.

करुणा जेवायला हाका मारते आहे. उरलेलं जेवून.

शुक्रवार, दुपार

काल जेवण होऊन गेल्यावरही मी लिहायला बसलो नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

नाव वाचलं गेलं. "पंच क्रमांक एक, श्री. धनीराम कापगते, माध्यमिक शिक्षक." केंद्रप्रमुखांनी चांगलं खणखणीत वाचलं. माणूस तालुक्यात नवा आहे, उभा असलेला मीच तो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण बोलण्याच्या भरात माझी स्वतःची सही मी सोयीने बाजूला ठेवली होती.

केवळराम पायाच्या नखातला चिखल काढत राहिला. मंदाबाईने विचारलं, "गुर्जी, तुमी होय?" आणि मी खाली बसलो.

तो मे महिन्यातला दिवस तुम्हाला माझ्याइतकाच आठवत असणार. पंचेचाळीस डिग्री ऊन. तुमच्या हातात फोन, पावलं मोजणारा. मी पुढे आणि तुम्ही मागे, असे आपण कोरड्या तलावातून चाललो. आमच्या कोहळी पूर्वजांनी हा तलाव कसा खोदला, हे मी तुम्हाला चालता चालता सांगत होतो. पाणी कुठवर चढतं तेही पाळीवरच्या दगडांचा रंग दाखवून सांगितलं. ती रेघ आपल्या दोघांच्या डोक्यावर होती. तुम्ही वर बघून म्हणालात, "बरंच येते, हो." म्हणजे अज्ञान ही सबब तुम्हाला नाही, आणि मला तर मुळीच नाही.

घरी आलो. पन्हं झालं, पंखा झाला. फॉर्मवर एक ओळ होती, 'रस्त्याचा प्रकार: बारमाही / हंगामी.' तुम्ही पेन 'बारमाही'वर टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. खूण करण्याआधी पाहिलंत. ते मी विसरलो नाही, कारण तुम्ही मला विचारत होता. मी चष्मा लावलेला होता. मी नाही म्हणालो असतो तर तुम्ही पेन दुसरीकडे नेलं असतं, असं मला आजही वाटतं.

पण आत स्वयंपाकघरात रीता हसत होती.

तीन वर्षांपूर्वी आमच्या लेकीच्या, तृप्तीच्या लग्नात तुमचं पान चुकून दुसऱ्या पंगतीत मांडलं गेलं. घरचा जावई, आणि दुसऱ्या पंगतीत. तुम्ही न जेवता गाडी काढलीत. त्यानंतर तीन वर्षं माझी बहीण या घरात आली नाही. राख्या टपालाने आल्या. तुमच्या त्या दौऱ्याच्या निमित्ताने ती पहिल्यांदा आली होती, करुणाबरोबर कैऱ्या चिरत होती, आणि कशाला तरी हसत होती. मला वाटलं, एका खुणेने काय होतं. शाळा आज थोडीच बंद होते आहे. पुढे आक्षेप येतीलच, कोणी तरी बोलेलच. जावयाला पुन्हा दुखवायचं कशाला?

सही केली. सुबक केली, जशी प्रमाणपत्रांवर करतो.

तुमच्यावर मी रागावलेलो आहे, ते कमी झालेलं नाही. वरून तक्ता आला, तो भरून द्यायचा होता, अमुक शाळा अमुक तारखेच्या आत. हे सगळं मला समजतं. पण लोकांना विचारायचं म्हणून सभा भरवायची, आणि उत्तर मे महिन्यातच लिहून ठेवायचं, याला संवाद म्हणू नका. गावची माणसं अडाणी असतील, पण आपल्याला विचारलं जातंय की कळवलं जातंय, हे त्यांना आवाजावरून कळतं. तुमचे केंद्रप्रमुख कळवत होते. आणि सभेला न येण्याचं तुमचं कारण खरं असेल तर मी क्षमा मागीन. तुम्ही आला नाहीत, कारण नाव वाचलं जाईल हे तुम्हाला माहीत होतं, असा माझा अंदाज आहे. कदाचित माझ्यावर दया म्हणूनही आला नसाल. ती मला नको होती.

राग मात्र जास्त स्वतःचा येतो. तुम्हाला वरून सांगणारे होते. मला वरून कोणीच काही सांगितलं नव्हतं.

काल संध्याकाळी टोलीत गेलो. डांबरी रस्त्याने, सायकलवर. मंदाबाईच्या अंगणात बसून मी माझा जबाब वाचून दाखवला. त्यात लिहिलं आहे की पंचनाम्याच्या दिवशी तलाव कोरडा होता, पाणी कुठवर येतं हे मला माहीत होतं, मी ते विस्तार अधिकाऱ्यांना दाखवलं होतं, आणि तरी दोघांनी सह्या केल्या. माझी सही मी मागे घेतो.

मंदाबाईने सुपातले दोन-तीन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "जावयाचं नाव कायले टाकलं, गुर्जी? बहिनीचं घर आहे ना तिकडं."

मी म्हणालो, "आम्ही दोघं चाललो होतो."

"दोघं चालले तं मंग टाका," ती म्हणाली. "पन हे मे महिन्यातच काहून नाही लिहिलं?"

तिला मी पंगतीची गोष्ट सांगितली नाही. तिच्या अंगणात ती फार लहान वाटली असती.

गुंजन शेजारीच बसून ऐकत होती. तिने विचारलं, "गुर्जी, मोठ्या शाळेत झुला आहे का?" मी म्हटलं, आहे. थोडा विचार करून ती म्हणाली, "मंग मी उन्हाळ्यात जाईन."

आज सकाळी रजा टाकून तुमच्या कार्यालयात जबाब दिला. आवक क्रमांक पडला, शिक्का पडला. तुम्ही जागेवर नव्हता. आक्षेपांची मुदत सात ऑगस्टपर्यंत आहे. माझ्या जबाबामुळे तुम्हाला नोटीस येईल, कदाचित बढती लांबेल. हे मी विचार करून केलं आहे, रागात केलं नाही. रागात केलं असतं तर मंगळवारीच केलं असतं.

हे पत्र रीताला पूर्ण वाचू द्या. मी तिच्या हसण्याचं नाव पुढे करून सही केली, हे तिला माझ्याकडूनच कळावं. यंदा राखीला ती आली नाही तर ते मी समजून घेईन, पण तिला न येण्याचं कारण अर्धवट ठाऊक असू नये.

आणि एक विनंती. जबाब एकट्या पंचाचा असला की कार्यालय म्हणतं, म्हातारा बदलला. सोबत तुमचाही असला की तसं म्हणता येत नाही. येत्या बुधवारी सकाळी साडेनऊला मी चिचटोलीच्या शाळेपासून निघतो, पाळीवरून. मंदाबाई पोरीला माझ्याबरोबर द्यायला तयार नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मी एकटा येईन, कमरेला केवळरामचा दोर बांधून. दुसरं टोक त्याच्या हातात असेल. तुम्ही सांडव्याच्या आमच्या गावाकडच्या काठावर उभे राहा. गुंजन माझ्या कमरेपेक्षा चार बोटं उंच आहे. पाणी मला कुठवर लागतं ते पाहा, आणि तिथल्या तिथे स्वतःच्या अक्षरात लिहा.

मी वाट पाहीन. तुम्ही काठावर दिसेपर्यंत पाण्यात पाय घालणार नाही.

तुमचा, आणि या कामात तुमच्याइतकाच दोषी,
धनीराम