आत्याबाईंचं केशरी बटण

३ जुलै, गुरुवार

एकशे बारा वाचक! एका दिवसात! आणि माझ्या ब्लॉगवर चार. त्यातही दोनदा मीच उघडून पाहिलेलं.

अकरा वर्षं लिहितेय मी. तीनदा सगळा ब्लॉग एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडं नेला. जोडाक्षरं नीट दिसावीत म्हणून किती फॉन्ट बदलले, देवाला माहीत. आणि माझी सासू, आमच्या आत्याबाई — वय सदुसष्ट, शाळा चौथी — धर्माबादच्या मिरचीबाजाराबद्दल फोनमध्ये बडबडते, अन् लोक वाचतात!

चूक माझीच. कॉलेजच्या लायब्ररीतून दमून यावं तर आत्याबाई दारातच — "ऐक गं, आज काय झालं..." मे महिन्यात वैतागून माझ्याच खात्यात दुसरा ब्लॉग काढून दिला. "हा माइक दाबा, बोला, मग हे केशरी बटण दाबा. मी सवडीनं वाचते." कटकट मिटली. तो ब्लॉग कुणीतरी धर्माबादच्या ग्रुपवर टाकला म्हणे.

९ जुलै

नवी थीम टाकली. समास मोकळा केला. लेख? नाही. अर्धवट मसुदे एकेचाळीस.

पहाटे पाचचा गजर लावते, टेबल पुसते, चहा घेऊन बसते आणि पहिलंच वाक्य सात वेळा खोडते. आत्याबाई भाकरी थापता थापता बोलतात. पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही. भाकरी झाली की लेख झाला!

१७ जुलै

आज लायब्ररीत वैष्णवी — माझी असिस्टंट — "मॅडम, ते 'ऐक गं' वाचून राहिलात का? प्रत्येक लेख तिथूनच सुरू. वाटतं, बाई आपल्यालाच सांगून राहिली. लई भारी स्टाइल हाय!"

स्टाइल! माझ्या ब्लॉगची लिंक मार्चमध्ये दिली होती हिला. "वाचते मॅडम," म्हणाली होती. अजून वाचून राहिलीय.

ती बाई माझी सासू, हे सांगितलं नाही. घरातही कुणाला नाही. नवऱ्याला, बालाजीला, आईच्या फोनमध्ये काय चाललंय ते कळत नाही, आणि आत्याबाईंना तर मुळीच सांगितलं नाही. प्रतिक्रिया माझ्याच मेलवर येतात. येतात आणि मी पुसते.

२४ जुलै

दोन हजार तीनशे.

इथं कुणी बघत नाही म्हणून लिहिते. मी सासूवर जळते! दोनच लेख वाचले तिचे, तेही चुका काढायला. सतरा निघाल्या. पुढचे उघडलेसुद्धा नाहीत. आकडे मात्र सकाळ-संध्याकाळ बघते.

३० जुलै

केलं. सेटिंगमध्ये जाऊन आत्याबाईंचा ब्लॉग 'खासगी' करून टाकला. आता माझ्याशिवाय कुणालाच दिसणार नाही. आत्याबाईंना काय कळणार? त्यांचं बटण चालूच आहे.

किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

१ ऑगस्ट

वैष्णवी — "मॅडम, 'परवानगी नाही' असं येतंय! त्या बाईला काही झालं तर न्हाई ना?"

म्हटलं, कंटाळली असेल.

८ ऑगस्ट

मी फॉन्ट निवडत बसलेली, तर आत्याबाई खुर्चीमागं येऊन उभ्या.

"कालचं वाचलीस का गं?"

"वाचलं हो."

"मंग? काय करावं म्हंतीस?"

"छान आहे. असंच चालू द्या."

"बरं. तू म्हंतीस तर," म्हणाल्या आणि आत गेल्या. आता लेखनावर सल्लेही हवेत!

१९ ऑगस्ट

लेख पूर्ण! चार महिन्यांनी! विषय — लेखनाची शिस्त. बालाजी म्हणाला, "मस्त हाय." अर्धाच वाचला, चेहऱ्यावरून कळतं.

वाचक नऊ.

वर आत्याबाईंनी चहा कपात न ओतता शेजारी ओतला, थेट माझ्या वहीवर. मुद्दाम केल्यासारखं. लई चिडले मी.

२८ ऑगस्ट

सकाळी आत्याबाई दाराच्या चौकटीला धडकल्या. बालाजीनं आम्हा दोघींना गाडीत घातलं आणि डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. तीन आठवडे झाले असावेत, म्हणाले डॉक्टर. ऑपरेशन करू, पण आता त्या डोळ्यानं फारसं दिसेल असं नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत आणायला हवं होतं.

बालाजी तिथंच ओरडला, "आई, सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की. अपूर्वाला. ती म्हणली, असंच चालू द्या."

बालाजी माझ्याकडं वळला. मला आधी आठवेचना, कधी सांगितलं.

२८ ऑगस्ट, संध्याकाळ

त्यांचा ब्लॉग उघडला. ७ ऑगस्टचा लेख —

"ऐक गं अपूर्वा डाव्या डोळ्यापुढं काळं आल्यावानी झालंय बालाजीला नको सांगू तो लई घाबरतो तू सांगशील तसं करू"

वाचक — शून्य.