लिंटनहॉचा एकटा स्वार

एडिंबरा, ३ एप्रिल १९९६

ती. एफीताईस,
वॉटचा सा. न. वि. वि.

तुझा धाकटा भाऊ, विद्यापीठातला इतिहासाचा मास्तर, आता सिनेमावाल्यांचा सल्लागार झाला आहे. मी सल्ला देतो, ते मान डोलावतात आणि मनाला येईल ते करतात. सिनेमा कैक शतकांपूर्वी आपण इंग्रजांशी हरलो त्या लढाईवर आहे आणि चित्रीकरण तुमच्या लिंटनहॉतच. इंग्लंडच्या सीमेवरच्या आपल्या माणसांना त्यांनी किल्ट, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ मुलखातले ते चौकटीचे घागरे, नेसवले आहेत. आपल्या आजोबांनी किल्ट पाहिला तो बिस्किटांच्या डब्यावर. दिग्दर्शक म्हणतो, किल्ट नसले तर हे स्कॉटलंड आहे हे लोकांना कळणार कसं? सैन्याच्या रश्श्यात बटाटे आहेत. बटाटा इथे यायला अजून कैक पिढ्या जायच्यात असं सांगितलं, तर म्हणाला, बारीक चिरू.

तेही गिळलं. पण शेवटी ते तुमचा एकटा स्वार दाखवणार आहेत. गावातले ऐंशी जण गेले आणि हा एक शत्रूचा झेंडा घेऊन परतला, तोच. याला कागदाचा एकही पुरावा नाही. पहिला उल्लेखच लढाईनंतर दोनशे वर्षांनी येतो. ते दृश्य काढा, नाहीतर माझं नाव काढा, असं मी कळवलं आहे.

डँडदाजी गेल्यानंतर झेंड्याच्या सोहळ्याचा हा तुझा पहिलाच जून महिना. जपून राहा.

लोभाची अधूनमधून उजळणी करत जावी.
वॉट


लिंटनहॉ, १२ मे १९९६

चि. वॉट यास,
एफीताईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू इतका शहाणा निघणार हे आईला ठाऊक असतं, तर तिने तुला एवढी लापशी चारली नसती.

तुझ्या लढाईची खबर ऐक. स्कॉट म्हणून आमची रग्बीची पोरं घेतली आणि इंग्रज म्हणून कॉलेजातली. हरायचं आमच्या पोरांनी, पण ती हरेनात. पुन्हा पुन्हा इंग्रजच पळाले, एक तर ओढ्यात पडला. दिग्दर्शकाने हात जोडले, तेव्हा टॅम खाटीक म्हणाला म्हणे, की गेल्या वेळची चूक सुधारायची संधी मिळतेय, ती कशी सोडू? शेवटी जो आधी मरेल त्याला आधी जेवायला वाढू असं जाहीर केलं, तेव्हा कुठे आपला पराभव झाला.

आता स्वाराचं. तुझ्याकडे कागद नाही, बरं. माझ्याकडे डँड होता. ज्या जूनमध्ये स्वाराच्या आठवणीचा झेंडा चौकात धरायचा मान त्याला मिळाला, त्या वर्षी त्याने तो फिरवला, खाली झुकवला आणि दरवर्षीसारखं सगळं गाव गप्प उभं राहिलं. त्या शांततेत मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. स्वार खोटा असेल, तर मी चाळीस वर्षं संसार कुणाशी केला तेही शोधून कळव. मला राग आला आहे आणि मी तो लपवणार नाही.

मलाही गावच्या बायकांत घेतलंय. स्वार आला की आनंदाने ओरडायचं आहे म्हणे.

लोभ आहे, पण तूर्त बंद ठेवला आहे.
एफी


एडिंबरा, ३० मे १९९६

ती. ताईस,
शि. सा. न.

स्वाराच्या चित्रीकरणाच्या दिवशी तुझ्यासमोर यायची हिंमत झाली नाही, म्हणून कॅमेऱ्यामागेच उभा राहिलो. त्यांनी दृश्यही काढलं नव्हतं आणि माझं नावही. सल्लागाराची किंमत ती एवढीच.

स्वार चौकात आला, त्याने झेंडा झुकवला. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडा, ओरडा म्हणत राहिला. एकीनेही तोंड उघडलं नाही. सवयच ती, झेंडा झुकला की लिंटनहॉ गप्प. टॅमने तर डोक्यावरचा लांब केसांचा टोप काढून हातात धरला. तू मधोमध होतीस आणि तुझ्या डाव्या हाताला एका माणसाची जागा तू मोकळी ठेवली होतीस. सगळी हयात मी त्या लढाईवर लिहीत आलो. तिथे माणसं मेली होती हे मला त्या दिवशी समजलं. मला रडू आलं, ताई.

दिग्दर्शक म्हणाला, हे असंच ठेवतो. मी माझी हरकत मागे घेतली आहे. रागावू नकोस.

बंद ठेवलेल्या लोभाची वाट पाहणारा,
वॉट


लिंटनहॉ, ९ मार्च १९९७

चि. वॉट यास,
अ. उ. आ.

काल सगळं गाव सिनेमा बघून आलं. टॅमच्या गुडघ्यांचं कौतुक झालं. बटाटे स्पष्ट दिसतात.

शेवटी स्वार आला, झेंडा झुकला, आणि पाठीमागून बॅगपाइप आणि हजार माणसांचा जल्लोष सुरू झाला. पडद्यावर माझं तोंड मिटलेलं आणि कानात कुणाच्यातरी आरोळ्या. थिएटरात आमची माणसं खाली माना घालून बसली होती. मग नावं आली. तुझं शोधलं. घोड्यांना चारा घालणाऱ्याचं होतं, तुझं नव्हतं. टॅमच्या मुलीने सिनेमा कंपनीत फोन करून विचारलं, तर म्हणे, तो जल्लोष ऐकला त्याच दिवशी तू नाव काढून घेतलंस.

किल्ट चालले, बटाटे चालले, आणि जिला कागद नाही त्या शांततेसाठी उठून आलास. आईची लापशी अगदीच वाया गेली नाही.

जूनमध्ये ये. माझ्या डाव्या हाताची जागा अजून मोकळी आहे. तिथे उभं राहायला पुरावा लागत नाही. फक्त तोंड बंद ठेवावं लागतं, ते तुला जमतं का बघू.

लोभ परत सुरू केला आहे.
एफी