गोदू आत्याचा बॅकअप

१० नोव्हेंबर २०२५
बहिणीच्या, दिशाच्या लग्नाला चोवीस दिवस. मंडपवाला, जेवणवाला, जनरेटर, सगळ्यांना पर्याय तयार. पर्याय नाही तो फक्त गोदू आत्याला. आमच्यात धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय नवरीला हळद लागणार नाही, आणि भावकीत धवलारीण उरलीय एकच. वय बहात्तर, वर खोकला. एक ओळ कागदावर नाही, सगळं डोक्यात. गोडाऊनमध्ये मी कन्व्हेयरचा साधा बेल्टसुद्धा स्पेअर ठेवतो. इथे अख्खं लग्न एका घशावर! कोणाला कशाची पडलेली नाही. शेवटी मलाच बघावं लागणार.

१६ नोव्हेंबर
वज्रेश्वरीला आत्याकडे. दोन मोबाइल, एक लॅपटॉप, पंखा बंद. सत्तावीस धवले रेकॉर्ड. मधेच थांबून विचारायची, मुलाचा मामा कोन, मावशी कोन? गाताना एकेकाचं नाव घ्यायचं असतं म्हणे. म्हटलं, नावं गाळ, जनरल ठेव, फाइल पुढच्या लग्नातही चालेल. मग गायली. घामाने निथळत होती, पण क्वालिटी ए-वन.

१७ नोव्हेंबर
आत्याला फोन. समजावलं की या वेळी गायचं नाही, यायचं, बसायचं, जेवायचं. आराम. ती म्हणाली, बरा. एवढंच. माणसं बदलाला विरोध करतात हे खोटं आहे, नीट समजावणारा पाहिजे.
दिशा मात्र माझ्याशी नीट बोलत नाही. आई पॉवरलूमवर ड्युटीला जायची तेव्हा आम्हाला आत्यानेच वाढवलं, हे मला ऐकवते. मग तिलाच आराम देतोय ना, बाई!

२९ नोव्हेंबर
लॅपटॉपवर धवल्यांचा टायमर सेट. संध्याकाळी साडेसहाला हळद, सात दहाला आंघोळ. पाठवणी शेवटी. आता माणसावर अवलंबून काहीच नाही.
चुलतभाऊ मनोजला दाखवलं. तो म्हणाला, भूपेश, बायका उशिरा आल्या तर? असल्या डोक्यांमुळेच आपण मागे राहिलो.

३ डिसेंबर, हळद
सिस्टिम फेल झालेली नाही. हे आधी लिहून ठेवतो.
बायका आल्या सव्वासातला. तोवर हळदीचा धवला रिकाम्या पाटाला ऐकवून झाला होता. मी तो परत लावायला गेलो तर थेट पाठवणीचा लागला. आईने रडायला सुरुवात केली, तिच्या मागे सगळ्या. नवरीला अजून बोटभर हळद नाही आणि मंडपात नुसता हंबरडा! दिशा हळदीच्या ताटात हात टेकून उठली आणि तशाच ओल्या हातांनी स्पीकरची वायरच उपटली. स्पीकरवर पिवळे डाग पडलेत, ते निघणार नाहीत.
आत्या आलीच नाही. पाय दुखतोय म्हणाली. बघा! हाच तर माझा मुद्दा होता.
चुलत्या-मावश्यांनी आठवेल तसं गाऊन हळद लावली. निम्मे शब्द चुकीचे.

४ डिसेंबर, लग्न
दिशा पहाटेच मनोजच्या गाडीवर बसून वज्रेश्वरीला गेली. अंगाला हळद लागलेली नवरी उंबरठ्याबाहेर! आई कपाळ बडवत बसली. आठला तिघं परत आली, मधे आत्या.
ती गायली. घसा दोनदा बसला, पाणी प्यायली, पुन्हा गायली. मी बॅकअप म्हणून लॅपटॉप-स्पीकरच्या मशीनपाशी. सगळ्यांची नावं आली. मामा, मावशी, जावई. आमचा मेलेला बाप आला तेव्हा आईने पदर तोंडाला लावला. जनरेटरवाला हितेशसुद्धा आला, तो लाजला.
भावाच्या जागी मनोज.
वाटलं, माझं नाव पुढच्या ओळीत येईल. आहेर झाले, पाठवणी झाली, गाडी गेली.

५ डिसेंबर
मोबाइल बाजूला ठेवून, स्वतः वज्रेश्वरीला जाऊन आत्याला विचारलं, माझं नाव का नाही. वय झालंय, विसरली असशील, असं मीच तिला सुचवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, इसरले न्हाय. धवल्यान मी माज्या मनाचा काय घालत न्हाय. मांडवान जो दिसतंय त्याचा नाव घेतंय. पोर रडत व्हती तवा तिचा हात मनोजनी धरला व्हता. तू मशिनीपाशी व्हतास.
जेवून जा म्हणाली. थांबलो नाही.
मशीनपाशी होतो हे खरं आहे. कोणीतरी असायलाच हवं होतं.
मशीन बंद होतं.