तोंडाच्या जागी अंगठा

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनीस धोंडुबाईचा आशीर्वाद.

धोंडुबाई म्हणजे तुझी आज्जी. आठवत नसेल म्हणून सांगितलं. दोन वर्षांत माणूस नाव विसरतं, तू तर तोंडच विसरलीस.

मी बोलतेय, शेजारच्या माई लिहितायत. जन्मभर शाळेत शिकवलं त्यांनी. माझं ‘न्हाय’ ऐकतात आणि ‘नाही’ लिहितात. पत्र शुद्ध वाटलं तर दोष त्यांचा.

मी खुशाल. बडोद्याहून तू मोबाईलवर धाडलेलं चित्र पोचलं. झकास आहे की! मी बसलेली, अंगावर माझ्याच लुगड्याचे तुकडे चिकटवलेले, त्यावर रंग, रंगावर दोऱ्याचे टाके. लुगडं मागून नेलंस तेव्हा वाटलं, पोरगी नेसणार. कापलंस व्हय! बरं केलंस. मी तरी दुसरं काय केलं? आजोबांचा फेटा, तुझ्या बापाची शाळेची चड्डी, तुझं झबलं, सगळं वाकळेत घातलं. मला कुणी कलाकार म्हटलं नाही. थंडी वाजली की पांघरलं, झालं.

पण तोंडाची जागा मोकळी. खाली लिहिलंस, ‘आज्जी, तोंड जमत नाही, फोटो पाठव.’

फोटो पाठवणार न्हाय. (हे ‘न्हाय’ माईंना दटावून तसंच ठेवलंय.)

माई लिहायच्या थांबल्यात. म्हणतात, खरं सांगा तिला.

बरं. चित्र मी बघितलेलं नाही. माईंनी सांगितलं, तेच तुला सांगितलं. दिवाळीपासून मला उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाला, आतली नस वाळली, आता इलाज नाही. तुझ्या बापाला कळवू नको. गाडी घेऊन येईल आणि मला पुण्याला उचलून नेईल. माईंच्या मोबाईलवर बोट फिरवून बघितलं. लुगडं गुळगुळीत, टाके गुळगुळीत. नुसती काच.

खरं चित्र हाताखाली आलं तर मला दिसेल. आणि माझं तोंड तुझ्या हाताला विचार. गालावरची चामखीळ धरल्याशिवाय तुला झोप यायची नाही. डोळे विसरले असतील, बोटं कशी विसरतील?

ये म्हणत नाही. तुला कामं असतात. घर काही मोठं नाही आपलं, दुपारी तेवढं मोठं होतं.

तुझ्यासाठी वाकळ शिवतेय, अंदाजानं. सुई माई ओवून देतात. एकच कोपरा राहिलाय. वाकळ उपाशी मिटत नाहीत आपल्यात; आत भाकरीचा तुकडा ठेवूनच शेवटचा टाका घालतात. ठाऊक आहे तुला.

खाली अंगठा उठवलाय. खरं तोंड सापडेपर्यंत चित्रात तो चिकटव.

तुझी, न विसरलेली,
आज्जी

ता. क. कोपऱ्यासाठी चतकोर भाकरी धाड. जोंधळ्याची, तुझ्या हातची, करपली तरी चालेल. कुरियरनं न्हाय. वाळते.