वखारीपुढची मिरचीभजी

निपाणी, ता. ३ फेब्रुवारी १९३८

गं. भा. अंबुबाई आक्काच्या चरणी धाकटा भाऊ भरमूचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल हाय. तंबाखूच्या वखारीपुढं चूल मांडली, कढई चढवली. इथं हमाल आणि विडी वळणाऱ्या बाया लई, आणि भूक सगळ्यांस्नी. पण माझी मिरचीभजी कुणी दुसऱ्यांदा घेत न्हाय. आपण सुताला लावायची खळ कालवतो, तसंच पातळ पीठ मी कालवलं. हाताला दुसरं माप ठावं न्हाय. तेलात पडलं की पीठ एकीकडं, मिरची एकीकडं. एका हमालानं विचारलं की मिरची उघडीच तळायची होती तर पिठाला त्रास कशाला दिला.

माग बंद पडला म्हणून आलो, हौसेनं न्हाय. तुझी भावजय जयाबाई येणार हाय का, तेवढं विचार. खोली घेतलीय, तिला खिडकी हाय. मी रोज शहापूरच्या मोटारीची वाट बघतोय, हे तिला सांगू नको. सांगितलंस तरी चालेल.

माया आहे ती उणी करू नये.

तुझा भरमू

शहापूर, ता. ९ फेब्रुवारी

चि. भरमूस आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कार्ड पोचलं. तुझ्या बायकोला वाचून दाखवलं, दोनदा. ती म्हणाली की बापानं तिला शहापुरी लुगडी विणणाऱ्याला दिली, रस्त्यावर कढई मांडणाऱ्याला न्हाय, सबब ती येणार न्हाय. एवढं बोलून भाकरी थापत बसली. मग माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाली की पीठ, त्यात बुडवलेलं बोट दिसू नये, इतकं घट्ट असावं, ओवा तळहातावर चोळून घालावा आणि एक पळी कडकडीत तेल पिठात ओतावं. हे कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, असंच.

तू एका लांबीच्या मिरच्या निवडत बसत असशील. ते सोड, तो मागावरचा ताणा न्हाय. वेळेवर जेवत जा, आणि माझी आठवण ठेव.

आक्का

निपाणी, ता. २० फेब्रुवारी

आक्काच्या चरणी शि. सा. न.

भजी जमली! दुपारच्या आत पीठ संपतं. विडीच्या बाया पदरात बांधून घरी नेतात. जयाबाईला सांग, आता काळजीचं कारण न्हाय. माझं एकट्याचं नीट चाललंय.

आशीर्वाद असू द्यावा.

भरमू

शहापूर, ता. २५ फेब्रुवारी

चि. भरमूस आशीर्वाद, पण या खेपेला अर्धेच.

तुला अक्कल कधी येणार रं? एकट्याचं नीट चाललंय, असं नवरा बायकोला कळवतो व्हय? तिनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. तुझं पत्र ऐकून सोडलं आणि लुगडी परत फडताळात ठेवली. दोन दिवस नीट जेवलेली न्हाय. आता गुंजीला माहेरी जाते म्हणतीय, गुरुवारी भाऊ न्यायला येणार. तिकडं एकदा गेली की सहा महिने येत न्हाय, हे तुला ठावं हाय.

काय लिहायचं ते मी सांगणार न्हाय. पण चांगली भजी बिघडू शकतात, एवढं मला कळतं.

उरलेले आशीर्वाद उत्तर आल्यावर.

आक्का

निपाणी, ता. २७ फेब्रुवारी

आक्काच्या चरणी शि. सा. न.

भजी बिघडली. ओवा घालून बिघडली, न घालता बिघडली. गिऱ्हाईक हळहळतंय. जयाबाईनं स्वतः येऊन बघितल्याबगर काय कळणार न्हाय. गुरुवारच्या आधी बघितलं तर बरं.

घाईत,
भरमू

निपाणी, ता. ६ मार्च

आक्काच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

जयाबाई बुधवारी पोचली. मोटारीतनं उतरून सरळ कढईपाशी आली, एक भजं खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मग म्हणाली की यात बिघडलंय काय, आणि परतीची मोटार कवा हाय. समोर हमाल भज्यांसाठी उभे होते, तेबी माझ्याकडं बघायला लागले. मी खाली मान घालून सांगितलं, की भजी बरी हायत, मी बरा न्हाय, तुझ्याबगर मला करमत न्हाय. मागनं एक हमाल म्हणाला की त्याला ऐकू आलं न्हाय, मोठ्यानं बोला.

आक्का, मी मोठ्यानं बोललो.

तिनं पदर खोचला, माझ्या हातातला झारा घेतला, आणि त्या हमालाला भजी सगळ्यांत शेवटी दिली.

आम्हा दोघांवर जीव असू दे.

तुझा भरमू